पान, फुलोरा आणि राळ : औषधी भांगेचा इतिहास आणि आजचा कायदा

प्रश्न विचारणाऱ्या बाईंची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांच्या आईवर परळच्या एका रुग्णालयात केमोथेरपी चालू आहे, मळमळ आणि निद्रानाश यांनी त्या बेजार झाल्या आहेत, आणि दिवाळीला अमेरिकेहून येणारा मामेभाऊ ‘तिकडे कोणत्याही दुकानात मिळते’ असे सांगून भांगेच्याच वनस्पतीपासून काढलेल्या कॅनाबिडिऑल तेलाच्या दोन बाटल्या आणायला निघाला आहे. शिवरात्रीला भांग चालते, आयुर्वेदात तिला विजया म्हणतात, मग त्याच वनस्पतीचे औषध घरात ठेवले तर गुन्हा कसा होतो, आणि होत असेल तर तो केव्हापासून होऊ लागला, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्याविषयी एवढेच सांगतो, की मी आधी औषधनिर्माणशास्त्र शिकलो, काही वर्षे औषध कारखान्यात काम केले आणि मग वकिलीकडे वळलो. गेली २६ वर्षे फोर्टमधील सत्र न्यायालयात अमली पदार्थांची प्रकरणे चालवतो, बहुधा आरोपीच्या बाजूने. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागून सांगतो. मामेभावाला त्या बाटल्या आणू नकोस असे आजच कळवा. आईंना या वनस्पतीपासून बनलेले काही द्यायचेच असेल, तर त्यासाठी भारतात कायदेशीर वाट आहे. ती अरुंद आहे, पण विमानतळावरून जाणारी नाही.

कारणे समजण्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी लागते. आपला कायदा ही वनस्पती अखंड पाहत नाही. तो तिचे अवयव पाहतो. पान वेगळे, मादी झाडाचा फुलोरा वेगळा, राळ वेगळी, बी वेगळे. पानाची ती भांग, फुलोऱ्याचा तो गांजा, राळेचा तो चरस, आणि बी म्हणजे धान्यासारखे धान्य. आधुनिक औषधशास्त्र मात्र अवयव पाहत नाही, ते रेणू मोजते: नशा आणणारा टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल किती, नशा न आणणारा कॅनाबिडिऑल किती, आणि दोहोंचे प्रमाण काय. या दोन मोजपट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि बाईंनी विचारलेला गोंधळ त्या न जुळण्यातूनच आलेला आहे.

अवयवांची ही वाटणी कायदा लिहिणाऱ्यांनी शोधलेली नाही, ती बाजाराची आणि देवघराची जुनी वाटणी आहे. भांग उत्सवात घोटली जाते, गांजा चिलमीत जातो, आणि मराठीत ‘गांजेकस’ हा शब्द जसा हिणवून वापरला जातो तसा भांग पिणाऱ्यासाठी वेगळा शिवीवाचक शब्द सहसा लागत नाही. अर्थात ‘तुळशीत भांग उगवली’ असे म्हणून आपण भांगेलाही अगदी सोवळे ठेवलेले नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांत श्रेष्ठ अशा पाच वनस्पतींमध्ये ‘भंग’ हे नाव येते. ती नेमकी हीच वनस्पती होती का, यावर अभ्यासकांचा वाद आहे, आणि ‘वेदांत गांजा सांगितला आहे’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून मी चार हात दूर राहतो. चरक-सुश्रुतांच्या संहितांतही ती निर्विवाद औषध म्हणून ठळकपणे समोर येत नाही. ठाम पुरावा मध्ययुगातला आहे. शार्ङ्गधराने ‘व्यवायी’ द्रव्याचे, म्हणजे पचनाआधीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याचे, उदाहरण म्हणून भांग आणि अफू यांची जोडी दिली, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशाने तिची विजया, जया, मादिनी अशी नावे देऊन ती कडू, कफ कमी करणारी, अन्न पचवणारी, भूक वाढवणारी आणि मोह उत्पन्न करणारी असल्याचे नोंदवले. गुण आणि दोष एकाच श्लोकात सांगण्याची ही पद्धत आजच्या जाहिरातदारांनी उचलली असती, तर माझे निम्मे काम कमी झाले असते.

आयुर्वेदात भांग कच्ची वापरत नाहीत, तिचे शोधन करतात. एक प्रचलित पद्धत म्हणजे पाने पुन्हा पुन्हा पाण्यात धुऊन वाळवणे आणि गाईच्या तुपात मंद परतणे. औषधनिर्माणाच्या दृष्टीने यात गंमत आहे. या वनस्पतीतील मुख्य द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. त्यामुळे धुण्याने ती निघून जात नाहीत, आणि परतताना लागणाऱ्या उष्णतेने ताज्या पानातील आम्लरूप रेणूचे नशा आणणाऱ्या रूपात रूपांतर होते. शोधनाने विजया निरुपद्रवी होते असे जे सांगितले जाते, ते म्हणून सावधपणे घ्यावे. वैद्य ती मात्रेत देतात, तिचे खरे संरक्षण मात्रा हेच आहे.

मुंबईचा या इतिहासाशी एक विसरला गेलेला संबंध आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या, हिंदुस्थानातील औषधींवरील संवादग्रंथात ‘बांग’ या द्रव्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. हाच ओर्ता पोर्तुगीज सरकारकडून मुंबई बेटाचा खंडकरी होता, आणि फोर्टात आज टाऊन हॉल उभा आहे त्याच परिसरात त्याचे घर होते. आपल्या नकळत भांग घेणाऱ्या नोकरांनी आपल्याला काय सांगितले, हेही त्याने लिहून ठेवले आहे: कामाचा शीण जाणवत नाही, मन आनंदी होते आणि भूक फार लागते. आईंची भूक वाढेल का, हा बाईंचा प्रश्न त्यामुळे या शहरात निदान साडेचारशे वर्षांचा आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात ही वनस्पती औषध म्हणून गेली ती कोलकात्याहून. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने १८३९ मध्ये गांजाच्या अर्कावरील प्रयोग प्रसिद्ध केले. आधी प्राण्यांवर, मग संधिवात, कॉलरा, धनुर्वात आणि पिसाळलेले कुत्रे चावलेल्या रुग्णांवर त्याने अर्क वापरला, आणि आकडी येणाऱ्या एका तान्ह्या बाळाला आलेल्या उताराची नोंद केली. त्याने बरे झाल्याचे दावे मोजूनमापून केले. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रुग्णाचा मृत्यू टळला नाही, पण यातना कमी झाल्या, असे त्याने सरळ लिहिले. पुढे तो इंग्लंडला गेला, सोबत नेलेल्या मालापासून लंडनच्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने टिंक्चर, म्हणजे मद्यार्कात उतरवलेला अर्क, बनवले, आणि शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानी गांजा ब्रिटन-अमेरिकेतील औषधकोशांत, म्हणजे मान्य औषधांच्या अधिकृत ग्रंथांत, दाखल झाला. याच ओशॉनेसीने नंतर हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा ओढल्या, आणि सरदारकीचा किताब त्याला मिळाला तो त्या कामासाठी, गांजासाठी नव्हे.

मग हे औषध मागे का पडले? प्रत्येक वेळी ‘कटकारस्थान’ हे उत्तर दिले जाते, ते मला अपुरे वाटते. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे काढले गेले होते. ते पाण्यात विरघळणारे क्षार बनवत असल्यामुळे सुईने देता येत होते आणि मात्रा ठरवता येत होती. गांजाचा सक्रिय रेणू मात्र शुद्ध रूपात हाती लागला तो १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांच्याकडून. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एका टिंक्चरच्या बाटलीने रुग्ण गाढ झोपे आणि दुसऱ्या बाटलीचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नसे. डॉक्टरला मात्रा लिहिता येत नसेल, तर औषध टिकत नाही. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले, पुढे झोपेची रासायनिक औषधे आली, आणि गांजाचे टिंक्चर ब्रिटिश औषधकोशातून १९३२ मध्ये व अमेरिकी औषधकोशातून १९४२ मध्ये वगळले गेले. अमेरिकेत त्याआधीच, १९३७ साली, जबर कर आणि कागदपत्रांच्या जाचाने डॉक्टरांना त्यापासून दूर लोटले होते.

हिंदुस्थानात याच काळात उलट वारे वाहत होते. गांजामुळे वेड्यांची इस्पितळे भरत आहेत अशी तक्रार लंडनच्या संसदेत झाल्यावर १८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते, सात सदस्यांपैकी तीन हिंदी होते, आणि आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले. मुंबई इलाख्यातील डॉक्टर, कलेक्टर आणि गांजाचे व्यापारी यांचीही त्यांत भर होती, कारण अहमदनगर जिल्हा हा या इलाख्यातील गांजाच्या लागवडीचा प्रमुख भाग होता. वकील म्हणून मला या अहवालातील सर्वांत आवडणारा भाग वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींचा आहे. आयोगाने नोंदींवर विश्वास न ठेवता एकेका रुग्णाची मुळापासून चौकशी केली, तेव्हा असे दिसले की वेडाचे कारण माहीत नसले की पोलीस किंवा कारकून रकान्यात ‘गांजा’ लिहून मोकळे होत. पंचनाम्यातील तयार मजकूर पाहिला की मला आजही त्या रकान्याची आठवण होते.

१८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनाने व्यवहारतः अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी करू नये. परवाने आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे. भांग, गांजा आणि चरस यांची मादकतेच्या चढत्या क्रमाने वेगवेगळी व्यवस्था लावण्याची पद्धत या अहवालाने अधिक पक्की केली. सरकारचा महसूल हा या उदारपणामागचा एक मोठा हेतू होता, हे विसरू नये.

आंतरराष्ट्रीय कायद्यात या वनस्पतीचा प्रवेश झाला तो १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत, इजिप्तच्या प्रतिनिधीने केलेल्या आग्रहामुळे. तोवरची चर्चा अफू आणि कोकेनपुरती होती. हिंदुस्थान सरकारने धार्मिक आणि सामाजिक वापराचे कारण देऊन हात आखडता ठेवला. शेवटी ‘इंडियन हेम्प’ची जी व्याख्या ठरली, ती मादी झाडाच्या वाळलेल्या फुलोऱ्यापुरती होती. पान त्यातून सुटले ते तेव्हा. १९३० मध्ये आपल्याकडे घातक औषधांचा कायदा आला, आणि १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकत्रित करारात तीच व्याख्या पुढे चालू राहिली: फुलोरा किंवा फळधारी शेंडे, पण शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया वगळून. करारात या वनस्पतीला पहिल्या सूचीसोबत चौथ्या, सर्वांत कडक सूचीतही टाकले गेले. जिथे परंपरेने वापर होता त्या देशांना मात्र बिगरवैद्यकीय वापर संपवण्यासाठी करार अमलात आल्यापासून २५ वर्षे मिळाली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला, म्हणजे मुदत १९८९ ला संपणार होती.

१९८५ चा आपला अमली पदार्थ कायदा, ज्याला कोर्टात सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात, त्या मुदतीची सावली अंगावर घेऊनच आला. त्याने अफूचे १८५७ आणि १८७८ चे कायदे आणि १९३० चा कायदा रद्द केला, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम २ मधील गांजाची व्याख्या म्हणजे १९६१ च्या कराराचीच व्याख्या आहे. त्यामुळे नुसते पान आजही केंद्रीय कायद्याबाहेर आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भांगेच्या एका जामीन प्रकरणात हेच ग्राह्य धरले. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत ती याच कारणाने. महाराष्ट्रात तसे नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अमली वनस्पतींनाही लागू आहे, आणि भांगेच्या खरेदी-साठ्याला राज्याचा परवाना लागतो. ‘काशीत मिळते म्हणून दादरला चालते’ हा युक्तिवाद मी अनेक अशिलांच्या तोंडून ऐकला आहे. तो कोर्टात टिकत नाही.

आता बाटलीकडे येऊ. याच कलम २ मध्ये चरसाची व्याख्या आहे, आणि ती फार कमी लोक वाचतात. झाडापासून वेगळी काढलेली राळ, मग ती कोणत्याही स्वरूपात असो, कच्ची असो वा शुद्ध केलेली, आणि तिच्यासोबत हशीश तेल किंवा द्रव हशीश म्हणून ओळखला जाणारा तीव्र अर्क, हे सर्व ‘चरस’ आहे. अमेरिकेतील कॅनाबिडिऑल तेल बहुधा फुलोऱ्यापासून काढलेले असते. तिथे २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने ०.३ टक्क्यापर्यंत टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असलेली वनस्पती अमली पदार्थांच्या यादीतून काढून टाकली, म्हणून ते ‘कोणत्याही दुकानात’ मिळते. आपल्या कायद्यात कॅनाबिडिऑलचे नावही नाही, आणि अशा अर्कासाठी टक्केवारीची सूटही नाही. प्रयोगशाळेचा अहवाल सकारात्मक आला, की फिर्यादी पक्ष त्या तेलाला चरसाच्या चौकटीत बसवू शकतो. म्हणजे औषध म्हणून घेतलेली वस्तू, बोली भाषेत सर्वांत सौम्य वाटणारी, कायद्यात सर्वांत कडक प्रकारात जाऊन पडते. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हा रेणू स्वतंत्रपणे मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या सूचीतही आहे, ते निराळेच.

प्रमाणांचाही विचार करावा लागतो. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेनुसार चरसाचे ‘अल्प प्रमाण’ १०० ग्रॅमपर्यंत आणि ‘व्यापारी प्रमाण’ १ किलोपासून आहे. गांजासाठी हेच आकडे १ किलो आणि २० किलो आहेत. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मिश्रणातील शुद्ध अमली अंश नव्हे, तर निष्क्रिय घटकांसह संपूर्ण मिश्रणाचे वजन मोजायचे. तीस मिलिलिटरच्या बाटलीत सक्रिय द्रव्य एक ग्रॅम असले, तरी वजन पूर्ण तेलाचे धरले जाईल. दोन बाटल्या अल्प प्रमाणात राहतील, ज्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नातेवाइकांसाठी आणखी दोन-तीन आणल्या की शंभर ग्रॅमची रेषा ओलांडते आणि शिक्षेची कमाल दहा वर्षांवर जाते. बाईंना वीस वर्षांच्या शिक्षेची भीती कुणी घातली असेल, तर ती अतिशयोक्ती आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये या कायद्याखालील सर्व गुन्हे अजामीनपात्र मानले आहेत, त्यामुळे ‘अल्प’ म्हणजे ‘किरकोळ’ असे समजू नये. शिवाय परदेशातून आणणे हा आयातीचा स्वतंत्र गुन्हा आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे सापडणाऱ्या हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यात वाढवलेल्या, गांजामुळे मुंबई विमानतळावरील सीमाशुल्क अधिकारी या बाबतीत अलीकडे विशेष सावध असतात.

काही वर्षांपूर्वी सांधेदुखीने त्रस्त असलेले एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. मुलीने परदेशातून गोड चघळगोळ्यांची एक बरणी टपालाने पाठवली होती, पार्सल तपासणीत उघडले गेले, आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांना जबाबासाठी बोलावणे आले. त्यांनी घाबरून, प्रत्येक प्रश्नाला ‘हो साहेब’ म्हणत, चार पाने लिहून दिली. नोव्हेंबर २०२० पूर्वीचा काळ असता तर ती चार पाने पुरावा ठरू शकली असती. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने अशा जबाबांना कबुलीजबाब म्हणून वापरण्यास मज्जाव केला. प्रकरण शेवटी निभावले, पण दोन वर्षे त्यांचा पासपोर्ट अडकला आणि त्या काळात नातवाची मुंज तिकडे झाली.

मग कायदेशीर वाट कोणती? एनडीपीएसचे कलम ८ सर्व काही निषिद्ध ठरवताना ‘वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारण’ हा अपवाद ठेवते. मात्र लोक वाक्याचा पूर्वार्ध वाचून थांबतात. उत्तरार्ध सांगतो, की कायद्यात आणि नियमांत ठरवलेल्या रीतीने व मर्यादेत. डॉक्टरची चिठ्ठी ही एकटी ती रीत होत नाही. कलम १० प्रमाणे राज्य सरकारे, चरस वगळून, या वनस्पतीच्या लागवडीला व उत्पादनाला नियमाने परवानगी देऊ शकतात, आणि कलम १४ प्रमाणे धागा व बी यांसाठी औद्योगिक लागवडीला. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्क्याच्या अटीवर औद्योगिक लागवडीचे परवाने देण्यास सुरुवात केली. हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीची शिफारस स्वीकारली. जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेत संशोधनासाठी परवानगीने लागवड होते. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने कोणत्याच पिकाला भाव नाही म्हणून गांजा लावण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही, पण कलम १० वाचलेल्या माणसाला तो अर्ज वाटतो तितका विनोदी नव्हता.

रुग्णाच्या हाती पोहोचणारे रूप आयुर्वेदीय आहे. औषधे व प्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये, म्हणजे आयुर्वेदादी पद्धतींतील विषारी द्रव्यांच्या यादीत, भंगा (भांग) आहे. अशा द्रव्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. पानांपासून बनलेली विजयायुक्त औषधे परवानाधारक उत्पादक बनवतात. महाराष्ट्रात आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे परवाने अन्न व औषध प्रशासन देते. नोंदणीकृत वैद्य तपासून, मात्रा लिहून देतो, आणि ती चिठ्ठी, बिल व औषधाची मूळ बाटली एकत्र ठेवली, तर प्रामाणिक रुग्णाला अडचण येण्याचा संभव बराच कमी होतो. संपूर्ण नाहीसा होतो असे मी म्हणणार नाही, कारण चरसाच्या व्याख्येत ‘झाडापासून काढलेली राळ’ आहे, ‘फुलोऱ्यापासून काढलेली’ असे नाही. पानापासूनच काढलेला पण अतिशय तीव्र केलेला अर्क कोठे बसतो, याचे स्वच्छ उत्तर कायद्यात नाही, आणि कलम ८० औषध कायद्याच्या परवान्याला एनडीपीएसपासून आपोआप मुक्ती देत नाही. हा दोष संसदेने दुरुस्त करायला हवा. त्याचा बोजा आजारी माणसावर पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉर्फिनच्या बाबतीत ही दुरुस्ती झालेली आहे. १९८५ नंतर प्रत्येक राज्याच्या वेगवेगळ्या परवान्यांमुळे कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे मुश्कील झाले होते, म्हणून २०१४ मध्ये ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ हा वर्ग निर्माण करून देशभर एकच नियम केला गेला. त्या वर्गात मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन आहेत, गांजाजन्य एकही औषध नाही.

दुकानात ‘हेम्प सीड ऑइल’ म्हणून मिळते ते वेगळे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बी, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. कुमाऊँ-गढवालात याच बियांची चटणी करतात. त्या तेलात औषधी रेणू नगण्य असतात. ते खाऊन मळमळ थांबणार नाही आणि गुन्हाही होणार नाही. कॅनाबिडिऑलच्या भावात ते विकणारे भेटले, तर पैसे वाचवावेत.

जगातील बदलाविषयी थोडेसेच. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये, कॅनडाने २००१ मध्ये, जर्मनीने २०१७ मध्ये आणि ब्रिटनने नोव्हेंबर २०१८ मध्ये वैद्यकीय वापराला वाट दिली. थायलंडने २०२२ मध्ये दार सताड उघडले आणि २०२५ मध्ये चिठ्ठीची अट घालून अर्धे लोटले. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी ही वनस्पती चौथ्या सूचीतून काढली, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. ‘संयुक्त राष्ट्रांनी गांजा मोकळा केला’ असे संदेश तेव्हा फिरले. ती पहिल्या सूचीत आजही आहे, आणि अल्प टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असलेल्या कॅनाबिडिऑलला नियंत्रणमुक्त करण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. आपल्या देशांतर्गत कायद्यातील व्याख्या त्या मतदानाने बदललेल्या नाहीत.

आईंच्या प्रकृतीविषयी निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा आहे, पण औषधशास्त्र शिकलेला माणूस म्हणून एवढे सांगावेसे वाटते. केमोथेरपीच्या मळमळीवर परिणामकारक ठरलेला रेणू टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हा आहे; त्याचे कृत्रिम रूप ड्रोनॅबिनॉल आणि त्याच्याशी साम्य असलेले नॅबिलोन यांना अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा मळमळ रोखणारी ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे अजून यायची होती. मामेभाऊ आणतो आहे ते कॅनाबिडिऑल. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा लहान मुलांच्या काही दुर्मीळ, चिवट अपस्मारांत आहे, ज्यांसाठी शुद्ध औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली; मळमळीसाठी तसा पुरावा नाही. ते यकृतातील विकरांच्या (एन्झाइमांच्या) कामात अडथळा आणते, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढवू शकते, आणि केमोथेरपी चालू असताना यकृताची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना न सांगता ते देणे धोक्याचे आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा कुणी करत असेल, तर तशी जाहिरात करणेच १९५४ च्या चमत्कारी उपायविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. वेदना असतील तर परळसारख्या ठिकाणी उपशामक उपचारांचा विभाग गाठावा. मळमळीसाठी सध्याच्या औषधांत ओलांझापिनची भर घालता येईल का, असे डॉक्टरांना विचारावे. आणि तरीही विजया द्यायची असेल तर वैद्य आणि कर्करोगतज्ज्ञ या दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवून द्यावी.

बाईंनी जाताजाता विचारले आहे, की इथून कायदेशीर घेतलेले विजयेचे औषध आई मामेभावाकडे राहायला जाताना सोबत नेऊ शकेल का. नेऊ नये. भारतातील परवाना सीमेपलीकडे चालत नाही, निर्यातीचे कलम निघतानाच लागू शकते, आणि विमान दुबईला बदलायचे असेल तर तेथील कायदा आपल्याहून कितीतरी कडक आहे. तेवढ्या दिवसांसाठी पर्यायी औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.